मोडलेलं मनगट आणि हातातली ऊर्जा (लेखांक ४)

मागच्या लेखांकात पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ का होतात, ते पाहिलं. अशा वयात पाय घसरला, हात टेकला की मनगट मोडतं. अब्राहम कोलेस या आयरिश शल्यविशारदाने १८१४ मध्येच या मोडीचं वर्णन केलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ८१ वर्षं अवकाश होता. प्लास्टर घातलं की साधारण सहा आठवड्यांत हे हाड बहुधा जुळतंच. त्या काळात बंगळुरूच्या कोरमंगलातल्या एखाद्या बाईंनी रेकी किंवा प्राणिक हीलिंगसारखे हातातून ऊर्जा देण्याचे उपचार घेतले किंवा काहीच केलं नाही, तरी प्लास्टर निघताना हाड जुळलेलंच दिसणार. म्हणून ‘मला गुण आला’ ही साक्ष कितीही प्रामाणिक असली, तरी पुरावा म्हणून कुचकामी ठरते.

यावर नेहमीचं उत्तर असं, की ही ऊर्जा सूक्ष्म आहे, यंत्रात सापडत नाही. नसेना का! ऊर्जा मोजायचीच नाही, हाड मोजायचं. मनगट मोडलेल्या निम्म्या स्त्रियांवर खऱ्या उपचारकाने हात फिरवावा, उरलेल्यांवर तसेच हावभाव शिकवलेल्या माणसाने. कोणाच्या वाट्याला काय आलं हे रुग्णाला कळू नये आणि एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरलाही. कोरमंगलात सेंट जॉन्ससारखं वैद्यकीय महाविद्यालय आणि संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी ही चाचणी अशक्य नाही. अमेरिकेत डोलोरेस क्रीगर या परिचर्येच्या प्राध्यापिकेने ‘प्राण’ ही आपलीच कल्पना घेऊन १९७० च्या दशकात ‘थेरप्युटिक टच’ हा असाच हात फिरवण्याचा उपचार रुजवला. कनेक्टिकटच्या प्रयोगशाळेत त्याने हाडाच्या पेशींची वाढ झाल्याचं २००८ मध्ये प्रसिद्धही झालं. पण बशीतल्या पेशी म्हणजे सत्तरीचं मनगट नव्हे. त्याआधी एमिली रोझा या शाळकरी मुलीने पडद्याआडून हाच उपचार करणाऱ्या २१ उपचारकांची परीक्षा घेतली होती: तिचा हात आपल्या कोणत्या हातावर आहे, एवढंच ओळखायचं. २८० पैकी १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नाणेफेकीतही ५० मिळतात.

‘हा न्याय फक्त आमच्यासाठीच का?’ ही उपचारकांची तक्रार रास्त ठरली असती, जर आधुनिक वैद्यकाने स्वतःला त्यातून सोडवून घेतलं असतं. हाड जुळवण्यासाठी अल्ट्रासाउंडचं यंत्र अमेरिकेत १९९४ मध्ये मंजूर झालं. त्याची ऊर्जा खरी, मोजता येणारी. तरीही पायाच्या नळीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या ५०१ रुग्णांना खरं आणि नकली यंत्र वाटून दिलं, तेव्हा २०१६ च्या निष्कर्षांत फरक आढळला नाही. ठिसूळपणामुळे पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची शस्त्रक्रियाही २००९ च्या दोन चाचण्यांत लुटुपुटुच्या शस्त्रक्रियेहून सरस ठरली नाही.

राहिला प्रश्न ‘बिघडतं काय?’ हा. हात फिरवल्याने मन शांत होत असेल, दुखणं सुसह्य होत असेल, तर तेवढाच दावा करावा. हाडाच्या नावाने पैसे घेऊ नयेत. कारण उतारवयात मोडलेलं मनगट हा पुढच्या खुब्याच्या मोडीचा इशारा असतो, आणि त्यावर तपासलेला उपाय हाताशी आहे. मणका आधीच पिचलेल्या २,०२७ स्त्रियांवरच्या १९९६ च्या चाचणीत अ‍ॅलेंड्रोनेट या औषधाने खुब्याच्या मोडी जवळपास निम्म्यावर आणल्या. तेव्हा घरातल्या कोणाचं मनगट मोडलं असेल, तर प्लास्टर निघण्याआधीच डॉक्टरांना हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा.