रोम, काथ्या आणि कुंचला

चतुर्थी जवळ आली की पेडणे व डिचोली तालुक्यांतील चित्रशाळांत मातीच्या गणेशमूर्ती रंगविण्याची लगबग सुरू होते. भिंतीला चुना, मूर्तीला रंग आणि शेवटी नेत्रांची आखणी, या प्रत्येक कामाचा कुंचला निराळा असतो. त्याचे कारण कुंचल्याच्या रोमांत आहे.

निसर्गात राठ रोम अनेक कामे करतात. गांडूळ शरीरावरील सूक्ष्म रोम मातीत रुतवून पुढे सरकते. डुकराचा केस मुळाशी जाड, टोकाकडे निमुळता व टोकाला फाटलेला असतो. या फाट्यांमुळे रंग धरून राहतो. म्हणून तैलरंगासाठी तो उत्तम मानला जातो.

प्राण्यांचे केस केराटिन या प्रथिनाचे असल्याने चुन्यासारख्या तीव्र अल्कामुळे ते लवकर खराब होतात. वनस्पतींचे तंतू मात्र टिकाव धरतात. केवड्याचे आधारमूळ कापून त्याचे टोक ठेचले की तंतू सुटे होतात व चुना लावण्याचा कुंचला तयार होतो. नारळाच्या सोडणाचा काथ्या पाण्यात सहसा कुजत नाही. त्यामुळे घासण्याच्या ब्रशांसाठी तो योग्य ठरतो. 1938 मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचे दात घासण्याचे ब्रश विक्रीस आले आणि कृत्रिम तंतूंचा प्रसार सुरू झाला.

बारीक आखणीसाठी मात्र काही ठिकाणी अजूनही मुंगसाच्या केसांचे कुंचले चोरून विकले जातात. हे केस मिळविण्यासाठी मुंगसाची हत्या केली जाते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये मुंगसाची शिकार व त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीने मुंगसाचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला असून अशा गुन्ह्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास व किमान 25,000 रुपये दंड होऊ शकतो. शिवाय उंदरांचा फडशा पाडणारे मुंगूस हे शेतकऱ्याचे मित्रच होय.

मुंगसाच्या एकाच केसावर फिकट व गडद पट्टे आळीपाळीने असतात. असे पट्टे दिसल्यास कुंचला खरेदी करू नये. नायलॉनचे निमुळत्या टोकाचे कुंचले आखणीस पुरेसे नाजूक असतात. मूर्तिकारांनी व चित्रकला शिक्षकांनी त्यांचाच आग्रह धरावा. विद्यार्थ्यांच्या हाती जाणारा कुंचला कशापासून बनला आहे, हे त्यांना समजावून सांगणे हाही चित्रकलेचा एक पाठच ठरेल.