उधारीच्या वहीतले एमबीए

एमबीएला प्रवेश मिळाला की घरात आणि नातेवाइकांत पहिला प्रश्न येतो तो पॅकेजचा. महाविद्यालयांच्या जाहिरातींतही सर्वांत ठळक अक्षरांत असते ते 'सर्वोच्च पॅकेज'. हा आकडा एकाच विद्यार्थ्याचा असतो आणि उरलेल्या वर्गाबद्दल तो काहीच सांगत नाही. खरे चित्र पाहायचे तर मधला आकडा विचारावा, म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे विद्यार्थी आहेत तो. आणि प्लेसमेंटसाठी किती जणांनी नाव नोंदवले होते, हेही विचारावे. अहमदाबादच्या आयआयएमने पुढाकार घेऊन प्लेसमेंट अहवालांसाठी समान निकष तयार केले, ते आकड्यांतली ही धूसरता जावी म्हणूनच. पण आकडा कितीही प्रामाणिक असला तरी तो पहिल्या नोकरीचाच असतो. पुढच्या पस्तीस वर्षांची तयारी त्यात मोजली जात नाही. ती तयारी कुठे होते, असा प्रश्न विचारला तर माझे उत्तर आहे: पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधल्या दोन महिन्यांच्या समर इंटर्नशिपमध्ये. आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ते दोन महिने मोठ्या नावाच्या मागे न धावता जवळच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात घालवावेत.

याचे कारण धंद्याच्या आकारात आहे. मोठ्या कंपनीत इंटर्नच्या वाट्याला एका खात्याच्या एका कामाचा तुकडा येतो. लहान कारखान्यात खरेदी, उत्पादन, विक्री, बँक आणि कामगार हे सगळे एकाच टेबलावर येते. कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत. समजा, त्यांतल्या एकीची उलाढाल वर्षाला 12 कोटी आहे, म्हणजे महिन्याला एक कोटी. भंगार आणि पिग आयर्नचे पैसे लगेच मोजावे लागतात, वीजबिल थांबत नाही, पण कास्टिंग घेणारा ग्राहक पैसे देतो 90 दिवसांनी. म्हणजे तीन कोटी सतत अडकलेले. ही मुदत 60 दिवसांवर आली तर एक कोटी मोकळे होतात, आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवर 11 टक्के व्याज धरले तर वर्षाला 11 लाख वाचतात. विद्यार्थ्याने फक्त येणी उलगडायला घ्यावीत. कुठले बिल किती दिवसांचे आणि का थकले? एखाद्यावर पर्चेस ऑर्डरचा क्रमांक चुकलेला असतो. एखाद्याचा माल पोचला, पण ग्राहकाच्या गोदामात त्याची नोंदच झालेली नसते. काहींत दहा नग नाकारले म्हणून सगळे बिल अडवलेले असते. काही ग्राहक मात्र निव्वळ चालढकल करत असतात. तिसऱ्या कारणाचा माग काढत तो साच्यांपर्यंत आणि गुणवत्ता तपासणीपर्यंत पोचतो. चौथ्यासाठी त्याला कायदा वाचावा लागतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय 2023-24 पासून अशा थकवलेल्या रकमेची वजावट ग्राहकाला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. वित्त, उत्पादन, विक्री आणि कायदा हे चार वेगवेगळे पेपर एका उधारीच्या वहीत असे एकत्र भेटतात.

यावर पहिला आक्षेप कर्जाचा येईल, आणि तो रास्त आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या मुलीला लहान कारखान्याच्या पगारावर राहा असे सांगणे अन्यायाचे ठरेल. पण इथे प्रश्न दोन महिन्यांचा आहे, नोकरीचा नाही. नोकरी तिने कुठेही घ्यावी. मुलाखतीत मात्र 'अमुक कंपनीत सर्वेक्षण केले' याऐवजी 'चाळीस बिलांची कारणे शोधली, त्यातली एवढी वसूल झाली' असे सांगता आले तर तिचे वजन वाढते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मालक परक्या पोराला वही दाखवेलच कशाला? घरच्या धंद्यात आकडे घराबाहेर जात नाहीत. म्हणून सुरुवात अशा कामाने करावी ज्याला फार विश्वास लागत नाही: पाठवलेला माल आणि नाकारलेला माल यांचा मेळ घालणे. गोपनीयतेचा लेखी करार महाविद्यालयाने करावा, आणि प्राध्यापकाने स्थानिक उद्योजक संघटनेमार्फत स्वतः जाऊन मालकाशी बोलावे. विद्यार्थ्याच्या हाती नुसते शिफारसपत्र देऊन भागणार नाही. इथे मराठीही कामी येते. भट्टीवरच्या सुपरवायझरला माल का नाकारला जातो हे नेमके ठाऊक असते, फक्त त्याला त्याच्या भाषेत विचारणारे कुणी हवे.

हे अशक्य नाही. 1979 मध्ये स्थापन झालेल्या आणंदच्या इर्मा संस्थेत ग्रामीण संस्थांसाठी व्यवस्थापक घडवताना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष गावात राहायला पाठवतात. आपल्याकडेही विद्यार्थ्यांना असे पाठवण्याजोगे साखर कारखाने, दूध संघ आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. अशीच एक कंपनी, नाशिकजवळच्या मोहाडीतली सह्याद्री फार्म्स, द्राक्षे परदेशी पाठवते. तरीही अनेक ठिकाणी इंटर्नशिपचा अहवाल जुन्या अहवालांवरून उतरवून बाइंडिंगला जातो. वेळ तर अगदी सोयीची आहे. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि मे-जूनमध्ये, विद्यार्थी मोकळे असतात तेव्हाच, लेखापरीक्षणासाठी अनेक कारखान्यांत येण्यांची यादी काढण्याचे काम चालू असते.