शिरूर-दौंडच्या छतावरचे सोलर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नगर रस्त्यावर शिक्रापूरपासून शिरूरपर्यंत आणि सोलापूर रस्त्यावर यवतपासून कुरकुंभपर्यंत घरोघरी सध्या सोलरची चर्चा आहे. कुणी बसवले आहे, कुणी कोटेशन घेतले आहे, कुणी शेजाऱ्याचे बिल किती आले ते विचारून थांबले आहे. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस बेताचा आणि ऊन भरपूर, त्यामुळे छतावरच्या विजेसाठी हा भाग उत्तम आहे. पण अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय पुढची पंचवीस वर्षे छतावर राहतो. म्हणून नेहमी कानावर येणारे समज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज: ‘सरकार सोलर फुकट बसवून देते.’

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या नावातच ‘मुफ्त बिजली’ असल्यामुळे हा समज पसरला. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली. एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची ही योजना २०२६-२७ पर्यंत आहे. तिच्यात यंत्रणा फुकट मिळत नाही, खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून मिळतो. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये. पाच किलोवॅट बसवले तरी अनुदान ७८,००० च राहते.

हे आकडे कुठून आले ते समजून घेतले तर कोटेशन वाचणे सोपे जाते. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ५०,००० रुपये खर्च धरून त्याच्या ६० टक्के, आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी ४५,००० रुपये धरून त्याच्या ४० टक्के असा हिशोब केला आहे. म्हणजे ३ किलोवॅटचा सरकारी आधारखर्च १,४५,००० रुपये होतो. बाजारातला भाव पॅनेलचा प्रकार, स्ट्रक्चरची उंची आणि इन्व्हर्टर यांप्रमाणे याहून वर जातो. मात्र भाव वाढला म्हणून अनुदान वाढत नाही. वीस हजारांनी महाग कोटेशन घेतले तर ते वीस हजार पूर्णपणे तुमच्या खिशातून जातात.

अगदी कमी वीज वापरणाऱ्यांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजना आणली. तिच्यात १ किलोवॅटच्या यंत्रणेला केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ही भर १७,५०० रुपये आहे, म्हणजे ५०,००० च्या यंत्रणेत घरचे फक्त २,५०० रुपये जातात. तुमचे घर या गटात बसत असेल, तर मोठ्या यंत्रणेसाठी कर्ज काढण्याआधी याची चौकशी करा.

गैरसमज: ‘अनुदान कंपनीच कापून घेते, आपण फक्त उरलेले द्यायचे.’

योजनेतले अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते, आणि तेही यंत्रणा बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय करावी लागते. त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँका ३ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला २ लाखांपर्यंतचे कर्ज तारण न घेता, इतर कर्जांपेक्षा कमी व्याजाने देतात. ‘तुमचे अनुदान आमच्याकडे वळते करून द्या’ असे कुणी म्हटले, तर तो व्यवहार काय आहे ते आधी लेखी मागा.

आपल्याकडे एक अडचण हमखास येते. लाईटबिल आजोबांच्या किंवा थोरल्या चुलत्यांच्या नावावर असते आणि घरात राहणारे, पैसे भरणारे दुसरेच असतात. अर्ज ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याच्याच नावाने करावा लागतो, आणि बँक खातेही जुळावे लागते. म्हणून कंपनी शोधण्याआधी महावितरणच्या कार्यालयात बिलावरचे नाव बदलून घ्या. थकबाकी असेल तर तीही आधी भरा.

गैरसमज: ‘सोलर बसले की बिल शून्य.’

स्थिर आकार सुरूच राहतो. बाकी बिल किती उतरेल हे घरच्या वापरावर ठरते. वर्षभराची सरासरी धरली तर १ किलोवॅट यंत्रणा रोज सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला ११० ते १२० युनिट वीज देते. ३ किलोवॅटची यंत्रणा महिन्याला साडेतीनशेच्या आसपास जाते. मार्च-एप्रिलमध्ये हा आकडा वाढतो, जुलै-ऑगस्टमध्ये खाली येतो.

महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिट स्वस्त असतात आणि १०१ ते ३०० च्या टप्प्यात दर जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराला सोलरचा फायदा मोठा होतो, कारण त्याची महागडी युनिट आधी वाचतात. नव्वद युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज स्वस्त टप्प्यातली असते, म्हणून त्याचे पैसे वसूल व्हायला बराच जास्त काळ लागतो. ‘चार वर्षांत पैसे फिटतात’ हे वाक्य पहिल्या घराच्या बाबतीत खरे ठरू शकते. तेच वाक्य दुसऱ्या घराला ऐकवले तर ती फसवणूक होईल.

गैरसमज: ‘जागा आहे तर मोठेच बसवावे, उरलेली वीज सरकार विकत घेते.’

नेट मीटरमध्ये दिवसा जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होते. या महिन्यात शिल्लक राहिली तर पुढच्या महिन्यात वापरता येते. पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते तेव्हा उरलेल्या युनिटचा हिशोब मिटवला जातो, आणि तो तुम्ही भरता त्या दराने होत नाही, त्याहून बऱ्याच कमी दराने होतो. वीज विकून कमाई करण्यासाठी ही योजना नाही.

म्हणून यंत्रणा किती मोठी घ्यावी याचे उत्तर तुमच्या बिलातच आहे. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा, बाराने भागा आणि येणाऱ्या आकड्याला ११० ने भागा. जेवढे येईल तेवढे किलोवॅट पुरेसे असतात. घरात एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर थोडी जादा क्षमता धरा. जागा दर किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट लागते.

गैरसमज: ‘लाईट गेली तरी आपल्याकडे चालू राहील.’

ग्रामीण भागात सर्वात जास्त निराशा याच समजातून येते. बॅटरी नसलेली ऑनग्रीड यंत्रणा महावितरणचा पुरवठा बंद होताच स्वतः बंद पडते, मग बाहेर कितीही ऊन असो. हा दोष नाही, सुरक्षेची तरतूद आहे. खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या छतावरून तारेत वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर तसा बनवलेला असतो.

गावठाणातल्या घराला यामुळे फारसा फरक पडत नाही. पण मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांनी थांबून विचार करावा. तुमच्या घराला वीज शेतीच्या फिडरवरून येत असेल आणि दुपारी तासन्‌तास पुरवठा नसेल, तर त्या वेळेत पॅनेल नुसते बसून राहतात. कोटेशनमध्ये दाखवलेली वर्षाची युनिट तुम्हाला मिळणार नाहीत. अशा ठिकाणी बॅटरीसह हायब्रिड यंत्रणेचा पर्याय आहे, पण बॅटरीला वेगळे अनुदान नाही आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. आधी महिनाभर दिवसा लाईट किती वेळ असते याची नोंद ठेवा, मग ठरवा.

इथेच आणखी एक गोंधळ होतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के असतो. पण ती विहीर-बोअरच्या पंपाची योजना आहे. घराच्या सोलरचा अर्ज, अनुदान आणि नियम तिच्याहून वेगळे आहेत. पंपाला मिळाले तेवढेच अनुदान घराला मिळेल असे गृहीत धरू नका.

गैरसमज: ‘जितकी उष्णता जास्त, तितकी वीज जास्त.’

पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजतात आणि त्यापुढे दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज घटते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल साठ अंशांपर्यंत तापते, तेव्हा दहा टक्क्यांहून जास्त घट होते. म्हणून पॅनेलखालून वारा खेळता राहील एवढी मोकळी जागा ठेवावी लागते. पत्र्याच्या घरावर सोलर बसत नाही हाही समज खरा नाही. पत्र्याखालची कैची भार पेलणारी असेल तर बसते, फक्त पत्रा आणि पॅनेल यांच्यात अंतर ठेवावे लागते.

धूळ आणि सावली ही वीज घटण्याची त्याहून मोठी कारणे आहेत. ऊसतोडीच्या दिवसांत, वीटभट्टीच्या किंवा कच्च्या रस्त्याच्या कडेला पॅनेलवर धुळीचा थर लवकर बसतो. सकाळी किंवा संध्याकाळी, पॅनेल गार असताना साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने ते पुसावे. सावली तपासायची ती डिसेंबरची. आपल्या भागात पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल सुमारे अठरा-एकोणीस अंशांचा ठेवतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे पाण्याची टाकी, नारळ किंवा शेजारच्या मजल्याची सावली लांब पडते. मे महिन्यात मोकळे दिसणारे छत डिसेंबरात अर्धे झाकलेले असू शकते.

गैरसमज: ‘सरकारने नेमलेली एकच कंपनी असते’ किंवा ‘सगळ्या कंपन्या सारख्याच’

दोन्ही चूक. कंपनी निवडण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. अट एवढीच की ती पीएम सूर्यघर पोर्टलवर नोंदणीकृत असावी, आणि हे पोर्टलवर स्वतः पाहता येते. शिरूर पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटर आणि दौंड त्याहून थोडे लांब. इन्व्हर्टर बंद पडला तर माणूस किती तासांत येणार हा प्रश्न कोटेशनमधल्या दोन-तीन हजारांच्या फरकाहून मोठा आहे. जवळच्या कंपनीचा खरा फायदा हाच. पण ‘आपल्या ओळखीचा आहे’ म्हणून कागद न करणे महागात पडते. निदान तीन कोटेशन घ्या आणि प्रत्येकाला हेच प्रश्न विचारा.

पॅनेल देशात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर आहे का? अनुदानासाठी ते आवश्यक आहे. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त पडते, पण त्यावर अनुदान मिळत नाही. पॅनेलचे मेक, मॉडेल आणि वॉट कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि बसवताना अनुक्रमांक जुळवा.

इन्व्हर्टर किती क्षमतेचा? अनुदान पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी कमी क्षमतेवर मोजतात. पॅनेल ३ किलोवॅटचे पण इन्व्हर्टर लहान असेल, तर तुमचे अनुदान कमी होते.

स्ट्रक्चर कोणत्या लोखंडाचे, किती जाडीचे, आणि गॅल्व्हनाइज्ड आहे का? वळवाच्या वादळात आपल्याकडे पत्रे उडतात. पॅनेल हे वाऱ्याला अडवणारे मोठे पान आहे, म्हणून इथे पैसे वाचवू नका. छताला भोके पाडून बसवणार असतील तर गळतीची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्या.

अर्थिंग किती? पॅनेलची बाजू, घरच्या विजेची बाजू आणि वीजरोधक यांना स्वतंत्र अर्थिंग हवे. एकाच खड्ड्यात सगळे जोडून दिले तर काम नाकारा.

वॉरंटी कोण देणार? पॅनेलची उत्पादन-हमी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी. पहिली पाच वर्षे देखभाल पुरवठादारानेच करायची असते. करारात ती मोफत लिहिलेली आहे का, हे सही करण्याआधी वाचा. पोर्टलवर करारनाम्याचा नमुनाही मिळतो.

जीएसटी किती लावला? २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या कराने बनवलेले कोटेशन कुणी पुढे केले तर परत पाठवा.

पैसे टप्प्याने द्या: थोडी आगाऊ रक्कम, साहित्य छतावर आल्यावर मोठा हप्ता, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागून यंत्रणा सुरू झाल्यावरच. शेवटचा हप्ता हातात असेपर्यंतच कामातली उरलेली कसर भरून निघते.

आणि शेवटचा समज: ‘हे शहरातल्या बंगलेवाल्यांचे काम आहे.’

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचे डोंगरातले गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाले. तिथली घरे आपल्या पाबळ, न्हावरे किंवा वरवंडच्या घरांहून मोठी नाहीत. ऊन तर आपल्याकडे त्यांच्याहून जास्तच आहे. गरज आहे ती क्रम पाळण्याची: आधी बिलावरचे नाव आणि थकबाकी, मग वर्षाच्या युनिटचा हिशोब, मग डिसेंबरची सावली, आणि त्यानंतर कंपनी. बहुतेक घरे हा क्रम उलटा करतात आणि तिथेच फसतात. ज्या घराने कोटेशन मागण्याआधी आपले बारा महिन्यांचे बिल वाचले आहे, त्याला कोणीही नको तेवढे मोठे किंवा हलके काम विकू शकणार नाही.