पहिल्या ओळीतलं गुपित

‘हे तुम्हाला कुणीच सांगणार नाही...’ अशी ओळ दिसली की स्क्रोल करणारं बोट थबकतं. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टीन यांनी 1994 मध्ये याचं कारण मांडलं. आपल्याला ठाऊक असलेलं आणि जाणून घ्यावंसं वाटणारं, यांतली फट जाणवली की मन अस्वस्थ होतं. दातात कण अडकला की जीभ सारखी तिकडेच जाते, तसं.

2009 मध्ये कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून मेंदूचं स्कॅनिंग केलं. उत्सुकता वाढली, की बक्षिसाच्या अपेक्षेने जागा होणारा भाग सक्रिय होत होता. मला त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरं निरीक्षण: काहीच कल्पना नसेल किंवा उत्तर पक्कं ठाऊक असेल, तर उत्सुकता मंदावते, अर्धवट माहितीत ती सर्वांत तीव्र असते. म्हणून ‘एक धक्कादायक सत्य’ या मोघम ओळीपेक्षा ‘फ्रिजमध्ये केळी काळी का पडतात?’ ही ओळ कितीतरी सरस. (थंडीने सालीतल्या पेशींना इजा होते आणि विकरांमुळे साल काळवंडते.)

गुपित जरूर राखा, पण पुढे ते उलगडाच. ज्यांवर क्लिक करून वाचक लगेच परत फिरतात, अशा पोस्ट फेसबुकने 2014 मध्येच मागे ढकलायला सुरुवात केली.