झिंग नेमकी कुणाला?

मोहाची फुले गळू लागली की एक गोष्ट दरवर्षी नव्याने सांगितली जाते. अस्वल मोहाखाली आले, पोटभर फुले खाऊन झिंगले आणि दिसेल त्याच्यावर धावून गेले. अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या आमच्या धावडा परिसरातही ती ऐकायला मिळते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्यात, अस्वले आहेत. त्यामुळे हा विषय इकडे नुसत्या करमणुकीचा नाही.

ही गोष्ट तपासायची तर सुरुवात फुलापासून करावी. मोह साधारण मार्च-एप्रिलमध्ये फुलतो आणि त्याची गरदार फुले पहाटेच्या सुमारास जमिनीवर पडतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्मा किंवा त्याहून अधिक भाग साखरेचा असतो. पण साखर म्हणजे दारू नव्हे. साखरेपासून दारू तयार करते ते यीस्ट, आणि त्याला ओलावा, ऊब व वेळ लागतो. म्हणून तर दारू गाळणारे फुले पाण्यात कित्येक दिवस आंबत ठेवतात, मग भट्टी लावतात. पहाटे पडलेले फूल सकाळी खाणाऱ्या अस्वलाला मिळतो तो गोड, पोटभर खाऊ.

मग ते हल्ला का करते? कारण मोह वेचणारी माणसेही त्याच वेळी, त्याच झाडाखाली येतात. अस्वलाचे नाक तीक्ष्ण असले तरी नजर अधू असते. खाण्यात गुंतले की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. सोबत पिल्ले असतील तर विचारायलाच नको. यात नशेचा भाग शोधायची गरजच पडत नाही.

अशीच गोष्ट आफ्रिकेत हत्ती आणि मारुला या फळाबद्दल सांगतात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये तिचे गणित मांडले. हत्तीला मारुलाने झिंगायचे तर पाणी न पिता, फक्त आंबलेली फळे, तीही नेहमीच्या कमाल आहाराच्या चौपट खावी लागतील. पुढे 2020 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखवली. मद्यार्क पचवायला मदत करणारे एक जनुक माणसात कार्यक्षम आहे, हत्तीत मात्र ते निकामी झाले आहे. म्हणजे हत्तीला थोडीही दारू बाधू शकते. प्रश्न उरतो तो दारू येते कुठून, हा.

ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात नोव्हेंबर 2022 मध्ये 24 हत्ती काजूच्या जंगलात गाढ झोपलेले आढळले. जवळच गावकऱ्यांनी मोह आंबत ठेवलेली मडकी फुटलेली होती. हत्ती दारूनेच झोपले की सहज विसावले, याची खात्री वनाधिकाऱ्यांना देता आली नाही. पण मडकी माणसाची होती, एवढे नक्की. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे पोपट अफूची बोंडे खातात, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. अफूची नशा बोंडातच असते, आंबवावी लागत नाही. पण ते शेतही माणसानेच पेरलेले.

आता याच विषयाची गंभीर बाजू. 2024 च्या ऐन दिवाळीत मध्य प्रदेशातल्या बांधवगड व्याघ्र प्रकल्पात तीन दिवसांत दहा हत्ती दगावले. त्यांनी कोद्र्याचे पीक मोठ्या प्रमाणावर खाल्ले होते आणि तपासणीत सायक्लोपायझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष सापडले. बुरशी लागलेला कोद्रा खाल्ला तर माणसालाही गरगरते, तोल जातो. लांबून पाहणाऱ्याला ती झिंगच वाटेल. प्रत्यक्षात ती विषबाधा असते.

'झिंगलेला प्राणी' या दोन शब्दांत आपण भूक, नशा आणि विषबाधा अशा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. भूक असेल तर आपण वेळ आणि वाट बदलायची: मोह वेचायला उजाडल्यावर, चार-सहा जणांनी मिळून, बोलत-आवाज करत जावे. नशा असेल तर आपली मडकी आणि साठवण जनावरांच्या वाटेवर ठेवू नये. आणि एखादा वन्यप्राणी लडखडताना, तोंडाला फेस आलेला दिसला, तर हसत मोबाइलवर चित्रीकरण करत बसू नये. विषबाधा, पिसाळणे, मेंदूचा आजार, काहीही असू शकते. लांब राहून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. अशा वेळी 'प्यायलंय जनावर' म्हणून सोडून दिलेला एक तास त्या प्राण्याच्या जिवावर बेतू शकतो, आणि जवळ गेलेल्या माणसाच्याही.