स्टिअरिंगची खटखट आणि रॅकचं बिल

खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ मधला हा आदेश वाचकांना ठाऊक आहेच. त्याच खड्ड्यांनी गाडीच्या पुढच्या चाकांमागे जे करून ठेवलेलं असतं, त्याची भरपाई मात्र गाडीवाला स्वतःच्या खिशातून करतो आणि पुष्कळदा भलत्याच पार्टसाठी करतो. पावसाळा सरला की गॅरेजात हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘स्टिअरिंगमधून खटखट येते’.

आवाज स्टिअरिंगमध्ये जाणवतो हे खरंच असतं. चाक, टाय रॉड, रॅक आणि स्टिअरिंग कॉलम हे सगळं एकमेकांना जोडलेलं असल्यामुळे खालचा प्रत्येक धक्का थेट हातापर्यंत येतो. शेजारचा लिंक रॉड ढिला झाला किंवा लोअर आर्मचा बुश फाटला, तरी चालवणाऱ्याला वाटतं स्टिअरिंगच वाजतंय. मग घाईतलं गॅरेज निदान करून मोकळं होतं: रॅक गेला. यातला सर्वांत महाग पार्ट तोच.

म्हणून गॅरेजात गेल्यावर आवाज कुठून येतो हे सांगण्यापेक्षा तो कधी येतो हे सांगा. खडबडीत रस्त्यावर, एकच चाक खड्ड्यात गेल्यावर खडखडतं आणि दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली की कमी होतं? आधी लिंक रॉड पाहा, तो स्वस्तात बदलून होतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना ‘कट-कट-कट’ येतं? तो बहुधा एक्सलचा बाहेरचा जॉइंट, त्याचा स्टिअरिंगशी संबंध नाही. जुन्या हायड्रॉलिक गाडीत वळवताना ‘घूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर आधी तेलाची पातळी आणि गळती बघावी, किंचाळी असेल तर पट्टा. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मात्र इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं, त्यात तेलच नसतं. तरीही ‘पॉवर स्टिअरिंग ऑइल’ बिलात लावलेलं दिसलं तर जरूर विचारा.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ असा आवाज येऊन हाताला झटका बसत असेल, तर बॉनेट उघडा. एकाने आत बसून स्टिअरिंग सावकाश वळवायचं, दुसऱ्याने शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर तळहात ठेवायचा. तिथलं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते. तो हिसका हाताला स्पष्ट लागतो.

उरलेल्या खटखटीसाठी खरी परीक्षा वेगळी, आणि चांगले मिस्त्री ती न सांगता करतात. गाडी जॅकवर न घेता चारही चाकं टेकलेली ठेवायची. पिट असेल तर उत्तम. मदतनीस स्टिअरिंग अगदी थोडं, दोन-तीन बोटं इतकंच, डावी-उजवीकडे हलवत राहतो. मिस्त्री खाली जाऊन टाय रॉड एन्डवर बोटं ठेवतो, मग रबरी बूट दाबून आतल्या रॅक एन्डवर, मग कॉलमखालच्या जॉइंटवर. जिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे तिथे ‘टक’ बोटांखालीच लागतो. लोअर आर्मच्या बुशात टॉमी घालून रेटलं की फाटलेलं रबर उघडं पडतं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम. ते न करता जो पार्ट सांगतो, तो अंदाज सांगतो. तेव्हा प्ले कुठे आहे ते आपल्याला हात लावून दाखवा, असा आग्रह धरायलाच हवा.

रबरी बूट तर मला या सगळ्यात कळीचा वाटतो. तो चिरला की चिखलपाणी आत शिरतं, रॅकच्या दांड्याला गंज धरतो आणि किरकोळ खर्चाचं काम रॅक बदलण्यापर्यंत जातं. गाडी धुवायला लिफ्टवर जाते तेव्हा एक टॉर्च मारून बघितलं तरी पुरे.

‘रॅक टाइट करून देतो’ हा उपाय मात्र धोक्याचा. आवाज थांबतो खरा, पण नट जास्त आवळला गेला तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. लोअर आर्म किंवा बुश बदलला असेल, तर त्याचे बोल्ट शेवटी गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायला हवेत. चाकं लोंबकळत असताना आवळले तर नवा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. टाय रॉड एन्ड बदलल्यावर अलाइनमेंटही आलंच.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट खोबणीतून निसटला तर चालत्या गाडीचं चाक दुमडतं. तरीही खासगी गाडीच्या धुराची तपासणी आपण दरवर्षी करतो आणि तिच्या स्टिअरिंगच्या सांध्यांकडे सरकारी तपासनीस बघतो ते पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाला. टॅक्सी-ट्रकला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. खड्डे खासगी गाडीसाठी वेगळे नसतात. पीयूसीबरोबरच वर्षातून एकदा हे सांधे तपासणंही सक्तीचं करावं, आणि ती तारीख पावसाळ्यानंतरची असावी.