पोटाला मार लागून सूज आलीय? चिरा देऊ नका



आज सल्ला पिकाचा नाही, गोठ्याचा आहे. मागच्या महिन्यात टोमॅटोचा प्लॉट बघायला गेलो होतो. तिथं एका गाईला दावणीतल्या दुसरीनं कुशीत शिंग मारलं होतं. कातडी फाटली नव्हती, पण खाली नारळाएवढा फुगा. शेजारी म्हणाले, गळू आहे, फोडून टाका. ब्लेडसुद्धा आणलं होतं. मालकांनी आधी डॉक्टरांना बोलावलं म्हणून बरं. तो हर्निया निघाला.

ढुशी, लाथ, दगडावर पडणं अशा मुक्या मारात कातडी ताणून निभावते, आतला स्नायू फाटतो. त्या भोकातून आतडं कातडीखाली येतं. चिरा दिला तर ब्लेड थेट आतड्यात.

डॉक्टरांनी फुगा हळूच दाबला, तर तो आत सरकला आणि बोटाला भोकाची कड लागली. गळू असं आत जात नाही. पण पहिले काही दिवस माराची सूज असते, तेव्हा हर्नियाही गरम आणि कडक लागतो. इथंच भलेभले फसतात. म्हणून घरी दाबादाबी नको, सुईही नको. शंका असेल तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात.

डाग देऊन, लेप लावून भोक बुजत नाही, ऑपरेशनच लागतं. जनावर नीट खात असेल तर सूज उतरेपर्यंत बहुधा थांबतात, कारण सुजलेल्या स्नायूत टाका धरत नाही. आदल्या दिवसापासून वैरण बंद ठेवायला सांगतात. आतडं आत ढकलून भोक शिवतात, भोक मोठं असेल तर जाळी बसवतात. गाय गाभण असेल तर आधीच सांगा. नंतर टाके निघेपर्यंत, साधारण दोन आठवडे, तिला वेगळी बांधा. औषध चालू असताना दूध डेअरीला घालू नका. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

मात्र फुगा कडक झाला, वैरण सोडली, शेण बंद झालं, पोट फुगलं, तर आतडं अडकलंय. मग सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२. मोठ्या ऑपरेशनसाठी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि वासरांची शिंगं पहिल्या पंधरवड्यातच डॉक्टरांकडून जाळून घ्या.

टोमॅटोचा सल्ला उद्या पाठवतो.